मूठ जुनी, केस नवे

जुना दाढीचा ब्रश विकत घेताना जाणकार माणूस केसांकडे जवळजवळ बघतच नाही. अमेरिकेतल्या लहान शहरांत सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, ब्रिटनमध्ये लोक मोटारीच्या डिकीतूनच अडगळीचे सामान मांडून विकतात. अशा ठिकाणी टेबलाच्या कोपऱ्याला पत्र्याच्या डब्यात चार-सहा ब्रश हमखास उभे असतात. कुणाचे केस झडलेले, कुणावर साबण वाळून कडक झालेला, कुणाचा झुपका मधोमध फाकून दोन्ही बाजूंना लवलेला. बाकीची गिऱ्हाइके हातही न लावता पुढे जातात. जाणकार मात्र ब्रश उचलतो, उलटा करून मूठ उजेडात धरतो, तिच्यावर अंगठा गरम होईपर्यंत घासतो आणि लगेच मुठीचा वास घेतो.

त्या वासावर निम्मी परीक्षा होते. कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला, तर मूठ फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेल्या रेझिनची. देव्हाऱ्यातल्या कापराची आठवण झाली, तर ती सेल्युलॉइडची, कारण सेल्युलॉइड करताना त्यात कापूरच घालत. कसलाच वास नाही आणि मूठ हाताला हलकी लागली, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साध्या प्लास्टिकची.

मुठीकडे एवढे लक्ष द्यायचे, कारण जुन्या ब्रशात जपण्यासारखी वस्तू तीच असते. केस काढून टाकायचे, मूठ घासूनपुसून नीट करायची आणि तिच्यात नवा झुपका बसवायचा, असा या कामाचा क्रम आहे. जुन्या वस्तूंच्या शौकिनांना हे ऐकताना आधी खटकते. घड्याळाचे मूळ काटे कुणी टाकत नाही, जुन्या फाउंटन पेनची मूळ निब तर जिवापाड सांभाळतात. मग ब्रशाचे केस टाकून द्यायचे, तर उरले काय? एक कारण उघड आहे. केस झिजतात, तुटतात, त्यांच्या मुळाशी साबण आणि बुरशी साचते. दुसरे कारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका साथीत आहे, आणि ते माहीत नसताना कुणीही जुना ब्रश तोंडाला लावू नये.

१९१५च्या सुमारास ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडे एका विचित्र तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. गालावर, हनुवटीवर किंवा मानेवर एक बारीक पुळी उठे. ती फारशी दुखत नसे, पण काही दिवसांतच तिचा मध्य काळा पडे आणि भोवती सूज चढे. हा अँथ्रॅक्स होता. आपल्याकडचे शेतकरी गुरांच्या बाबतीत त्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात. माणसांत तो होई तो कातडी कमावणाऱ्यांना आणि लोकर निवडणाऱ्यांना. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत तर त्याची दहशतच होती. पण या नव्या रुग्णांचा ना गुरांशी संबंध होता, ना लोकरीशी. त्यांत सैनिक होते, साधे शहरी नागरिक होते. सगळ्यांत समान अशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे नुकताच घेतलेला स्वस्त दाढीचा ब्रश. त्याच्या केसांची तपासणी केली तेव्हा रोगाचे जंतू सापडले. १९१७ साली ब्रिटनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने या ब्रशांची रीतसर चौकशी करवली. त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तिच्या लष्करी छावण्यांतूनही तसेच रुग्ण निघू लागले. पुढच्या काही वर्षांत दोन्ही देश मिळून दोनशेच्या वर माणसे या रोगाने आजारी पडली आणि त्यांतली काही दगावली.

हे जंतू ब्रशात आले कुठून, याची हकीकत व्यापाराच्या वाटांशी जोडलेली आहे. उत्तम ब्रश बॅजरच्या केसांचा. बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळे करून राहणारा प्राणी. त्याचा केस टोकाला पांढरा, मध्ये काळा पट्टा आणि खाली पुन्हा फिका असतो. टोक निमुळते आणि मऊ असते आणि असे शेकडो केस एकत्र बांधले की त्यांत पाणी भरपूर धरून राहते. पण तो महाग पडे. म्हणून स्वस्त ब्रशांत घोड्याचे फिके केस घेऊन त्यांवर मध्ये काळा पट्टा रंगवत आणि बॅजरची नक्कल विकत. हे घोड्याचे केस सैबेरियातून आणि चीनमधून येत. युद्धापूर्वी ते आधी जर्मनी-फ्रान्समध्ये जात, तिथे निवडले, धुतले आणि निर्जंतुक केले जात, आणि मग ब्रश करणाऱ्यांच्या हाती पडत. युद्धाने ती वाट बंद केली. कच्चे केस थेट येऊ लागले आणि जपानमधून तयार स्वस्त ब्रशही येऊ लागले. त्यात आणखी एक अडचण होती. वाफेने निर्जंतुक केले की फिके केस पिवळे पडतात, आणि बॅजरची नक्कल तर केसांच्या फिकेपणावरच उभी. त्यामुळे ज्या केसांना निर्जंतुक करण्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमके तेच तसे सुटले.

याच काळात मागणीही वाढली होती. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर हनुवटी गुळगुळीत हवी. लाखो तरुण सैन्यात भरती झाले आणि प्रत्येकाच्या सामानात रेझर आणि ब्रश आला. गोळीबारातून वाचलेला सैनिक दाढीच्या ब्रशाने आजारी पडावा, ही त्या काळातली अत्यंत दुःखद गोष्ट आहे. जुन्या ब्रशांबद्दल लिहिणारे बरेच लोक ती एका ओळीत उरकतात. तसे होऊ नये.

दोन्ही सरकारांनी पावले उचलली. ब्रिटनने १९१९ साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२०मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने केस निर्जंतुक करूनच ब्रश बनवण्याचे नियम घातले. तेव्हापासूनच्या अनेक अमेरिकी मुठींवर ‘स्टेरिलाइज्ड’ हा शब्द कोरलेला सापडतो. आज तो एखाद्या जुन्या जाहिरातीचा तुकडा वाटतो. त्या काळच्या गिऱ्हाइकाला मात्र ते जिवाच्या काळजीचे आश्वासन होते.

शंभर वर्षांनंतर त्याचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. पण अँथ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिश सरकारने १९४२मध्ये या जंतूंची चाचणी घेतली. ते बेट १९८६मध्ये फॉर्माल्डिहाइडच्या पाण्याने भिजवून काढावे लागले आणि १९९०मध्ये कुठे ते सुरक्षित म्हणून जाहीर झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या ‘इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात २०१७ साली खास जुन्या दाढीच्या ब्रशांवर एक लेख आला. जुना ब्रश वापरून रोग होण्याची शक्यता फार कमी आहे, हे त्या लेखात मान्य केले आहे. त्याचबरोबर गरम पाण्याने धुणे किंवा टाकणखाराच्या पाण्यात बुडवणे यासारख्या घरगुती उपायांनी हे बीजाणू मरत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणून १९३०च्या आधीचा, घोड्याच्या केसांचा किंवा केस कशाचे तेच न कळणारा ब्रश हाती आला, तर त्याला ड्रिल लावूच नये. धूळ उडवण्यापेक्षा तो काचेच्या बंद बरणीत नुसता मांडून ठेवावा.

मग नीट करण्याजोगी मूठ ओळखायची कशी? इथे अंगठ्याचा तो वास कामाला येतो.

बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँड यांनी १९०७ साली न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बेकलाइट तयार केले. त्यात लाकडाचा भुसा मिसळून ते गरम साच्यात दाबत. त्यामुळे वस्तू भक्कम होई, पण रंग काळा किंवा तपकिरीच निघे. १९२७च्या सुमारास त्याचे मूळ पेटंट संपले आणि लगोलग अमेरिकन कॅटालिन कॉर्पोरेशनने तेच रेझिन भुसा न घालता वापरायला सुरुवात केली. पातळ रेझिन शिशाच्या साच्यात ओतायचे आणि मंद भट्टीत कित्येक दिवस घट्ट होऊ द्यायचे, अशी त्यांची रीत होती. त्यातून अर्धपारदर्शक, संगमरवरासारख्या रेषांचे, लाल, हिरवे, निळे आणि हस्तिदंती रंगांचे दांडे मिळू लागले. त्यांतून रेडिओची खोकी झाली, बांगड्या झाल्या आणि दाढीच्या ब्रशाच्या मुठीही झाल्या.

म्हणजे अमेरिकी बनावटीची रंगीत कॅटालिनची मूठ हाती आली, तर ती १९२८च्या पुढची, निर्जंतुकीकरणाचे नियम लागू झाल्यानंतरची. मूठ कशाची आहे यावरून तिचा काळ कळतो आणि काळावरून धोक्याचा अंदाज येतो. जुन्या ब्रशांच्या छंदात एवढे उपयोगी ज्ञान दुसरे नाही. तरीही खबरदारी सोडायची नसते, पण ते पुढे येईलच.

या मुठींवर दोन नावे वारंवार दिसतात. पहिले रबरसेट. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात घोड्यांच्या सरंजामाचे रबरी आणि सेल्युलॉइडचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती. अँड्र्यू ऑलब्राइट ज्युनियर हे तिचे मालक. जुन्या ब्रशांत केस राळेत किंवा सरसात बसवत आणि गरम पाण्याने ते सुटत. दाढी करताना फेसाबरोबर गालावर केस चिकटून येणे ही रोजचीच कटकट होती. ऑलब्राइट यांच्या कंपनीने केसांची मुळे रबरात घालून ते रबर गंधकाच्या प्रक्रियेने दगडासारखे कडक केले. केस निघणे थांबले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्या मागे पडू लागल्या होत्या आणि त्याच हातांना हा नवा धंदा मिळाला. रबरसेट हे नाव आज रंगकामाच्या ब्रशांवर टिकून आहे.

दुसरे नाव एव्हर-रेडी. ब्रुकलिनच्या अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीचा हा छाप. एका डॉलरच्या सेफ्टी रेझरसाठी ती प्रसिद्ध होती आणि रेझर घेणाऱ्याला ब्रश लागणारच, हे तिने नीट ओळखले होते. एव्हर-रेडीच्या मुठी आकाराने सुबक, कमरेत बारीक आणि खाली पसरट असतात. अंगठा आणि दोन बोटे त्या खाचेत आपोआप बसतात. बहुतेकींवर कंपनीचे नाव कोरून त्यात रंग भरलेला असतो. जोडीला मेड-राइट, क्लेन्झो अशी कमी गाजलेली नावेही आहेत, आणि त्यांच्या मुठी अनेकदा तेवढ्याच देखण्या असून स्वस्तात मिळतात. नव्याने छंदाला लागलेल्याने त्यांपासूनच सुरुवात करावी.

हे ब्रश अडगळीत गेले त्याचे कारण फेस हाताने करण्याची गरजच संपत गेली. १९१९ साली फ्रँक शील्ड्स यांनी बार्बासॉल हे ब्रशाशिवाय लावायचे क्रीम आणले, १९२५मध्ये मिनेसोटातून बर्मा-शेव्ह आले आणि १९४९च्या सुमारास डब्यातून दाबून फेस काढायची सोय झाली. अमेरिकेत कोट्यवधी ब्रश न्हाणीघराच्या कपाटात मागे सरकले. घरातले वडीलधारे गेले की सामानाची आवराआवर होते, आणि तेव्हा हे ब्रश आजही बाहेर पडतात.

विकत घेण्यापूर्वी मुठीवरून नख फिरवावे. नख अडकले तर तडा आहे. वरवरचा तडा घासून जातो, भोकाच्या काठापासून खाली उतरलेला तडा मात्र नवा झुपका बसवताना हटकून उघडतो. कॅटालिन वर्षानुवर्षे किंचित आकसत जाते, त्यामुळे असे तडे विरळा नाहीत. कापराच्या वासाची मूठ दिसायला फार सुंदर असते. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या बारीक समांतर रेषा तिच्यावर असतात. पण सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि ते झटकन पेट घेते. ड्रिलच्या घर्षणाची उष्णताही त्याला पुरते. पहिल्या कामाला अशी मूठ घेऊ नये. एसिटोनचा बोळा तर चुकूनही लावू नये, पृष्ठभाग विरघळतो. आणि रेषा समांतर नसून एकमेकींना छेदणारी बारीक जाळी मुठीच्या तळाला दिसली, तर तो खरा हस्तिदंत असू शकतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वस्तू कितीही जुनी असली तरी तिथे मोह आवरावा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विलायती सामानाच्या ढिगात अशी मूठ दिसलीच, तर एवढे लक्षात असू द्यावे.

समजा, हाती एव्हर-रेडीची लोणकढ्या तुपाच्या रंगाची कॅटालिनची मूठ आली आहे. काम सुरू होते कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने. उकळते पाणी नको. मग मास्क आणि हातमोजे घालून ब्रश चिंब ओला करायचा आणि केस मुठीच्या काठालगत मजबूत कात्रीने कापायचे. ओले असल्याने ते उडत नाहीत. कापलेले केस लगेच पिशवीत बंद करून टाकायचे. आता काठाशी केसांच्या खुंटांचे एक गोल वर्तुळ दिसते आणि त्यात गच्च काळे रबर.

मूठ जाड फडक्यात गुंडाळून शिकंज्यात हलकेच धरतात. ड्रिलचा वेग सर्वांत कमी. आधी बारीक बिटाने मधोमध भोक, मग थोडे मोठे बिट, मग आणखी मोठे, आणि दरवेळी वर पाण्याचे थेंब. जुने रबर काळ्या चुऱ्यासारखे बाहेर येते आणि गंधकाचा वास सुटतो. इथे घाई करणाऱ्याची मूठ फुटते. कडेपर्यंत ड्रिल न्यायचेच नाही. भिंतीलगत रबराची पातळ कडा ठेवायची आणि ती पटाशीच्या टोकाने, मूठ हातात फिरवत, खरवडून काढायची. मग एखाद्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासायचे आणि व्हर्नियरने भोकाचा व्यास मोजायचा. अमेरिकी मुठींत तो बहुधा २० ते २४ मिलिमीटरच्या घरात निघतो.

बाहेरच्या कामाला वॉटर पेपर लागतो. ६०० नंबरपासून सुरू करून ८००, १२००, २००० असे चढत जायचे, नळाची बारीक धार सोडून. कोरडे घासले तर फिनॉलची धूळ उडते, ती नाकात जाऊ देऊ नये. दहाएक मिनिटांत पाणी पिवळसर तपकिरी होऊन वाहू लागते. कॅटालिनच्या पृष्ठभागावर उजेडाने आणि हवेने चढलेला तो थर असतो. कधी कधी इथे मोठे नवल दिसते. तुपाच्या रंगाची मूठ घासता घासता पांढरी निघते, हिरवट मूठ निळी निघते. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती पांढरीच किंवा निळीच होती, पिवळेपणा नंतरच्या दशकांचा. आता थांबायचे की आणखी घासायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो पिवळेपणा एकदा घासल्यावर परत आणता येत नाही, म्हणून आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी नखाएवढा भाग घासून बघणे शहाणपणाचे. बऱ्याच संग्राहकांना तो मुरलेला पिवळा रंगच अधिक आवडतो आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ऐंशी वर्षांत तयार झालेला रंग बाटलीत मिळत नाही.

कोरलेल्या अक्षरांपाशी वॉटर पेपर नेताना हात आवरावा लागतो. अक्षरे उथळ असतात. जोराने घासली की ‘एव्हर-रेडी’ची ‘व्हर-रे’ होते आणि मुठीची ओळखच जाते. त्या पट्टीवर कागद न लावता फक्त पॉलिश वापरायचे. भांड्यांचे ब्रासो चालते, सिमीक्रोम हे जर्मन पॉलिश मिळाले तर उत्तम. फडक्यावर पिवळा डाग उमटला की कॅटालिनची खात्री पटते. शेवटी अक्षरांत रंग भरायचा. दात कोरायच्या काडीच्या टोकाने एनॅमलचा थेंब खाचेत सोडायचा, काही मिनिटे थांबायचे आणि सपाट ठोकळ्याला ताणून बांधलेले फडके वरून एकदाच फिरवायचे. बोटाने पुसले तर खाचेतला रंगही निघून येतो.

नवा झुपका तयार मिळतो. त्याची मुळे आधीच डिंकाने एकत्र बांधलेली असतात आणि व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. झुपका भोकात किती खोल बसवायचा, यावर ब्रशाचा स्वभाव ठरतो. काठापासून टोकापर्यंत ४८ ते ५२ मिलिमीटर केस वर राहिले तर २४ मिलिमीटरचा झुपका बहुतेकांच्या हाताला बरा वाटतो. त्याहून खोल बसवला तर ब्रश ताठ होतो, वर ठेवला तर लुळा पडतो. म्हणून गोंद न लावता आधी झुपका नुसता बसवून तळहातावर गोल फिरवून बघायचा. भोक जास्त खोल असेल तर तळाशी लाकडी चकती किंवा एकावर एक वॉशर टाकून उंची साधतात. उंची मनासारखी झाली की अरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद कालवून बेताने लावायचा, झुपका सरळ उभा राहील असा टेकवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. काही लोक सिलिकॉन वापरतात. त्याची पकड कमी असते, पण पुढे झुपका बदलायची वेळ आली तर तो सहज निघतो. दुर्मिळ मुठीसाठी सिलिकॉनच योग्य.

झुपका कशाचा घ्यायचा, यावर मतभेद आहेत. डुकराचे राठ केस सर्वांत स्वस्त. चीनमधले चुंगकिंग हे त्यांचे जुने केंद्र, आणि ब्रिटिश काळात कानपूरहूनही हे केस परदेशी ब्रशांसाठी जात. हा केस पाणी शोषतो, म्हणून वापरण्याआधी थोडा वेळ भिजवावा लागतो, आणि काही आठवड्यांत त्याची टोके चिरून मऊ पडतात. बॅजरचा मान अजून आहे, पण २०१८ साली चीनमधल्या बॅजर पालनकेंद्रांतली क्रूरता पेटा या संस्थेने चित्रित करून पुढे आणली, आणि त्यानंतर जर्मनीच्या म्यूलेसह काही जुन्या उत्पादकांनी बॅजरचे केस वापरणे सोडले. आजचे कृत्रिम तंतू इतके मऊ आणि फेसाला इतके चांगले आहेत की बॅजरचा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही. ते लवकर वाळतात, झडत नाहीत आणि नव्वद वर्षांच्या मुठीत बसवले तरी मुळीच विजोड दिसत नाहीत.

केस न काढण्याजोगे जुने ब्रशही असतात, आणि त्यांतले सर्वांत मानाचे सिम्पसन. अलेक्झांडर सिम्पसन यांनी १९१९ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत कारखाना उद्ध्वस्त झाला आणि काम सॉमरसेट परगण्यातल्या चार्डजवळच्या निमर गावी गेले. २००८ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या व्हल्फिक्सने ही कंपनी घेतली. चबी, ड्यूक, वी स्कॉट ही त्यांच्या ब्रशांची नावे शौकिनांना तोंडपाठ असतात. मुठीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरचा पत्ता वाचून ब्रश लंडनचा की निमरचा, हे ओळखतात. त्यामुळे ती पट्टी पाण्यात भिजवणे म्हणजे ब्रशाचा जन्मदाखला फाडणे. युद्धानंतरचा, खऱ्या बॅजरचा, दाट झुपका असलेला सिम्पसन मिळाला तर तो आहे तसा जपावा. केस विरळ होऊन मध्ये खळगा पडला असेल तरच नवा झुपका बसवावा आणि तो ब्रश पुढे विकताना तसे स्पष्ट सांगावे. नवे केस घातलेला ब्रश मूळ म्हणून खपवणारे विक्रेते सगळीकडे आहेत. किंमत मागण्याआधी झुपक्याच्या बुडाशी केस बाजूला सारून बघावे. ताज्या गोंदाची चकाकी तिथे लपत नाही.

नीट केलेला ब्रश वापरायचाच असतो. फेस करताना झुपका गालावर दाबून चिरडू नये, नाहीतर मधले केस मुळाशी तुटतात. दाढी झाली की वाहत्या पाण्यात केसांच्या मुळापर्यंतचा साबण काढावा, झटकून पाणी घालवावे आणि ब्रश हवेशीर जागी ठेवावा. वाळण्याआधी डब्यात बंद केला तर आत बुरशी धरते. मूठ कॅटालिनची असेल तर ब्रश खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. घासून पांढरी काढलेली मूठ उन्हाने पुन्हा पिवळी पडू लागते.